चपलेच्या वर

सर, काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर तुमच्या विलासभाऊंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि खताच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली तुमची चारही रजिस्टरं माझ्या हातात ठेवली. "अण्णांनी सांगून ठेवलं होतं, हे प्रज्ञाबाईला द्या म्हणून," ते म्हणाले. "आम्ही उघडून बघितलं. इंग्रजी शब्द हायेत अन् म्होरं आपल्याच भागातल्या मान्सांची नावं. एका ठिकाणी माझं बी नाव हाय. चांगलं लिव्हलंय का वाईट, तेवढं सांगा बाई."

मला न बघताच माहीत होतं. विलासभाऊंचं नाव 'फजेल' ह्या शब्दापुढं आहे. काम चाललंय असं दाखवायचं आणि प्रत्यक्षात काहीच करायचं नाही, त्याला दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे इंग्रज फजेल म्हणायचे. आता बाप गेलेल्या माणसाला तेराव्याच्या दिवशी हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "चांगलंच लिहिलंय," म्हणाले मी. तुमच्यापायी खोटं बोलले.

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी धरली. पिशवी मांडीवर. पहिली तीन रजिस्टरं गाडीतच चाळून झाली, एकदोनदा मोठ्यानं हसले तर शेजारची बाई सरकून बसली. चौथं मात्र उघडलं नाही. त्यात अनुक्रमांक दोनशे अकरा आहे, आणि त्या एका ओळीवरून आपण अकरा वर्षं भांडत आलो. शेवटचं भांडलो ते तुम्ही जायच्या नऊ दिवस आधी, लातूरला, विलासभाऊंच्या फ्लॅटवर. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत मी चपला घालून दारात उभी होते. "आगं, चहा तरी," त्या म्हणाल्या. "गाडी जाईल," मी म्हणाले. गाडी दर अर्ध्या तासाला आहे, हे त्यांनाही माहीत होतं.

ती ओळ अकरा वर्षं अर्धी रिकामी होती. ती तशीच आहे का तुम्ही भरलीत, हे बघायचं मला भ्या वाटत होतं. रिकामी असती तर तुमच्यावरचा राग घेऊन मी जन्मभर बसले असते. आणि भलतंच काही लिहिलेलं असतं तर आता कुणाशी भांडणार होते?

तुमच्याबद्दल शोकसभेत लोक पुष्कळ बोलले. शिस्त, वक्तशीरपणा, अमुक इतके विद्यार्थी घडवले. घडवले म्हणे. रजिस्टराबद्दल एकजण बोलला नाही, कारण कुणाला ते ठाऊकच नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, नववी ब. तुम्ही कव्हर नसलेली ती जाडजूड डिक्शनरी काखेत मारून यायचात आणि फळ्यावर एक शब्द लिहायचात, जो पुस्तकात नाही, परीक्षेला येणार नाही आणि इंग्लंडातही आता कुणी बोलत नाही. अर्धा वर्ग तेव्हाच दप्तर आवरायला लागायचा. "मेलेला शब्द आहे," तुम्ही म्हणायचात, "पण मोजून ठेवाया पाहिजे." म्हणून तुम्ही साध्या वहीत न लिहिता जडसंग्रहाचं रजिस्टर विकत आणलं होतं, शाळेत मोडक्या बाकांची आणि फाटक्या नकाशांची नोंद करतात ते. 'वस्तूचे नाव' ह्या रकान्यात शब्द. 'नग' ह्या रकान्यात प्रत्येकापुढं एक. पुढं अर्थ, मूळ, आणि शेवटी तुम्ही हातानं आखलेला रकाना, साक्षीदार.

तो रकाना हीच तुमची खरी करामत. शब्द नुसता पाठ करायचा नाही. तो ज्याला लागू पडतो असं माणूस, जनावर किंवा जागा आपल्या भागात दाखवायची. दाखवली तर नोंद, नाही तर शब्द परत डिक्शनरीत. आणि साक्षीदार स्वतः डोळ्यांनी तपासल्याशिवाय कुणी सही करायची नाही. सह्या दोन, एक आणणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची.

माझा पहिला शब्द 'ग्रोक'. कुणी जेवत असताना आपल्यालाही मिळेल ह्या आशेनं टक लावून बघत बसणं. मूळ स्कॉटलंडकडचं, त्याच्या मागचं माहीत नाही, असं तुम्ही सरळ लिहिलं होतं. माहीत नसेल तिथं तुम्ही कधी थाप मारली नाही, हे तुमचं मला तेव्हापासून आवडायचं. मी हात वर केला. "सर, आमचे बाबा मार्केट यार्डात हमाल आहेत. तिथं एक काळी शेळी आहे. हमाल जेवायला बसले की समोर येऊन उभी राहते. ओरडत नाही, तोंड घालत नाही, नुसती बघते."

वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. सोमवारी दुपारच्या सुट्टीत सायकल मारत यार्डात आलात. बाबा आणि चारपाच हमाल पोत्यांच्या सावलीत भाकरी सोडून बसले होते, तुम्हाला बघून सगळे उठून उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "बसा बसा, मी शेळी बघाया आलोय." बाबांना काही उमगेना. शेळी आली. बघत राहिली. तुम्हीही शेळीकडं बघत राहिलात. पाचेक मिनिटांनी तुम्ही पोत्यावर रजिस्टर टेकवून सही केलीत आणि बाबांना म्हणालात, "पोरीची नजर चांगली हाय तुमच्या."

बाबांनी ती गोष्ट गल्लीत दहा ठिकाणी सांगितली. इतका शिकलेला मानूस, पोरीच्या एका शब्दाखातर शेळी बघाया आला! त्या दिवसापासून तुमचा शब्द म्हणजे बाबांना दगडावरची रेघ झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्या शेळीपासून सुरू होतं.

बारावीला मला इंग्रजीत केंद्रात सगळ्यांत जास्त मार्क पडले. तुम्ही पेढे घेऊन घरी आलात. आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या वस्तीत शिकायचं वेड होतं, पण तुमच्या भावकीतलं माणूस आमच्याकडं ताटावर बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. आईनं पिठलं, भाकरी, ठेचा केला. तुम्ही मांडी घालून बसलात आणि जेवता जेवता 'कंपॅनियन' फोडून सांगितलात. कॉम म्हणजे सोबत, पॅनिस म्हणजे भाकर, सोबत भाकर खाणारा तो कंपॅनियन. आई म्हणाली, "मंग भाकर खाल्ली की सोबती व्हतंय का?"

"हाव ना बाई. शब्दच तसा हाय."

"मंग आनि एक घ्या."

तुम्ही तिसरी घेतलीत. पोट भरलेलं असताना घेतलीत, मला दिसत होतं. दुसऱ्या रजिस्टरात ती नोंद आहे. साक्षीदार, कमलबाई, मार्केट यार्डामागं. आई जाऊन सहा वर्षं झाली. काल गाडीत ते नाव तुमच्या तिरक्या अक्षरात दिसलं आणि मग मात्र मी हसत नव्हते. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

तर त्या दिवशी हात धुऊन झाले, सुपारी झाली, आणि तुम्ही बाबांना म्हणालात, "किशनराव, पोरीला डी.एड.ला टाका."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. माझ्या पुस्तकात औरंगाबादच्या कॉलेजचा बी.ए.चा फॉर्म होता, इंग्रजी विषय लिहून भरलेला. नुसती बाबांची सही राहिली होती. ती आणायचं मी तुम्ही गेल्यावर ठरवलं होतं. तुम्ही पाठिंबा द्याल, तुमच्यासमोरच विषय काढू का, असंसुद्धा मनात येऊन गेलं होतं.

"इंग्रजीचं एम.ए.-फेमे डोक्यात असंल तिच्या," तुम्ही सांगत होतात. "पण तिथं पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली पोरं येतेत. फाडफाड बोलतेत. हिचा निभाव लागायचा न्हाई. खामखा हिरमुसून परत येईल. डी.एड. दोन वर्षांचं, नोकरी पक्की." तेव्हा आपल्याकडं प्रत्येक शहाणा माणूस प्रत्येक हुशार पोरीला हेच सांगायचा. तुमच्याकडून मला ते अपेक्षित नव्हतं, एवढंच.

बाबा म्हणाले, "सर म्हनतेत तर बराबरच आसंल." फॉर्म पुस्तकातच राहिला.

 तुम्ही जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेलात. मला वाटतं तुम्ही त्या दिवशी फार आनंदात घरी गेला असाल.

डी.एड. झालं, नोकरी लागली, पक्कीच लागली. किनवटच्या जंगलातलं एक गाव, दोन खोल्यांची शाळा. त्या नोकरीवर माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण झालं, घरावर स्लॅब पडला, आईचं दुखणं निघालं. हे मी विसरलेले नाही. कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार ही की मी नऊ वर्षं तिथं पाढे शिकवले आणि शाळा सुटल्यावर एकटी बसून, घरबसल्या परीक्षा देत, आधी बी.ए. आणि मग एम.ए. केलं. तुम्ही 'निभाव लागायचा न्हाई' म्हणाला होतात, ते वाक्य भिंतीवर लिहिल्यासारखं समोर ठेवून केलं.

आणि गंमत बघा, त्या नऊ वर्षांत मला जिवंत ठेवलं तेही तुम्हीच. महिन्याला एक निळं आंतरदेशीय. वर पत्ता, आत एक शब्द आणि खाली 'साक्षीदार कळवणे'. ना कशी आहेस, ना काय करून राहिलीस. एकदा 'ॲप्रिसिटी' आला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. लॅटिनमध्ये ॲप्रिकस म्हणजे उन्हातलं, उन्हं लागणारं. चारेकशे वर्षांपूर्वीच्या एका कोशात हा शब्द आहे, पण पुढं कुणी तो फारसा वापरल्याचं दिसत नाही. तुम्ही लिहिलं होतं, 'कोशात जन्मला, कोशातच मेला, ह्याला साक्षीदार मिळणे अवघड.' अवघड कसला! मी उलट टपाली कळवलं, 'शाळेची पूर्वेची भिंत. प्रार्थनेआधी तिला पाठ लावून उभी राहणारी माझी पस्तीस पोरं.'

तुम्ही आलात. नांदेडहून रेल्वेनं किनवट, तिथून जीपला लटकून. मफलर, स्वेटर, काखेत रजिस्टर. पोरांच्या रांगेत भिंतीला पाठ लावून उभे राहिलात आणि डोळे मिटले. माझ्या पोरांना वाटलं, साहेब तपासणीला आलेत आणि झोपले. प्रार्थनेची घंटा द्यायला मी उशीर केला. त्या दिवशी मला तुम्हाला सांगायचं होतं की मी एम.ए.चा फॉर्म भरलाय. जीभ रेटली नाही.

निकाल लागल्यावर पत्रानं कळवलं. सेट निघाली, नांदेडच्या कॉलेजात निवड झाली, तेही कळवलं. तुमचं उत्तर आलं. 'वाचून आनंद झाला. पुढील शब्द सोबत.' बस्स! मी ते पत्र फाडलं आणि मग शब्द हवा म्हणून तुकडे जुळवत बसले.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीला, धरणापाशी घर केलं, तुम्ही रिटायर होऊन गावी, मग लातूरला. आता भेटी व्हायला लागल्या. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की तुम्ही हटकून यायचात, कारण 'गाँगूझलर' तिथं सापडला होता. इंग्लंडातल्या कालव्यांवरचे नावाडी काठावर रिकामं उभं राहून बघत बसणाऱ्याला तसं म्हणायचे. कठड्याला टेकून पाण्याचा लोट बघणारे दोनशे लोक, मक्याची कणसं खाणारे, फोटो काढणारे. "कुणाचं नाव लिहायचं सर?" मी विचारलं. "लिही, आपलं दोघांचं," तुम्ही म्हणालात. तुमच्या रजिस्टरात तुमचं नाव साक्षीदार म्हणून पहिल्यांदा आलं ते तिथं. तोपर्यंत तुम्ही फक्त तपासणारे होतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही दोनशे अकरा घेऊन आलात. असे खुशीत की चपला काढायच्या आधीच सुरुवात. 'अल्ट्राक्रेपिडेरियन.' आपल्याला ज्यातलं कळत नाही त्यातलं मत ठोकणारा. अल्ट्रा म्हणजे पलीकडं, क्रेपिडा म्हणजे वहाण, चप्पल. मग तुम्ही ती जुनी ग्रीक गोष्ट सांगितलीत. एक मोठा चित्रकार आपलं चित्र लोकांसमोर मांडून मागं लपून बसायचा, कोण काय म्हणतं ते ऐकायला. एक चांभार आला, म्हणाला, वहाणेचा बंद चुकलाय. चित्रकारानं दुरुस्त केला. चांभाराला हुरूप आला, दुसऱ्या दिवशी म्हणाला, पायही नीट नाही. तेव्हा चित्रकार बाहेर आला आणि म्हणाला, तू चपलेच्या वर बघू नकोस. त्यावरून हा शब्द.

तुम्ही हसत होतात. साक्षीदारही ठरवून आणला होता, तुमच्या शेजारचा, दातापासून दिल्लीपर्यंत सगळ्यावर सल्ला देणारा. मी म्हणाले, "सर, पाय चुकला होता का?"

"कोन्ता पाय?"

"चित्रातला. चांभार म्हणाला तो."

"ते महत्त्वाचं न्हाई गं. शब्द कसा झाला ते बघ."

"तेच महत्त्वाचं आहे. दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन बसणारा माणूस तो. पाय कसा असतो हे त्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? चपलेचं सांगितलं तेव्हा गुपचूप ऐकलं. पायाचं सांगितल्यावर पायरी दाखवली. आणि पाय बरोबर होता का चूक, हे कुणी लिहूनसुद्धा ठेवलं नाही!"

तुम्ही चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी फार कमी पाहिलंय. "प्रज्ञा, तू पत्तेक गोष्टीत जात आणती."

"मी आणत नाही सर. गोष्टीतच आहे ती."

मी सही केली नाही. तुम्ही शब्द लिहिला, अर्थ लिहिला, मूळ लिहिलं, साक्षीदाराचा रकाना आणि सह्या मोकळ्या ठेवल्या आणि दोनशे बाराला गेलात. इतक्या वर्षांत नियम मोडून लिहिलेली तेवढी एकच ओळ. पुढं दरवर्षी तुम्ही नवा साक्षीदार सुचवायचात. क्रिकेटवर बोलणारा न्हावी. औषधं सांगणारा तलाठी. व्हॉट्सॲपवर सकाळी सात वाजता निरोप, 'दोनशे अकरासाठी माणूस मिळाला.' मी उलट लिहायची, 'आधी पायाचं सांगा.' दोन हट्टी माणसं, दुसरं काय. माझा भाऊ म्हणायचा, तुमचं मास्तर लोकांचं डोकं फिरलेलं असतंय.

आता खरं सांगते. मी त्या चांभारासाठी भांडत नव्हते, म्हणजे त्याच्यासाठीही भांडत होते, पण निम्मंच. मी चौकटीला धरून उभ्या असलेल्या पोरीसाठी भांडत होते. तिच्याबद्दल तुम्हाला काय ठाऊक होतं? शेळी ओळखणारी नजर आहे, इथपर्यंत तुम्ही बरोबर होतात. निभाव लागायचा नाही, हे तुम्ही कशावरून सांगितलंत? माझं तुमच्याकडं एकच मागणं होतं. माफी नको, कौतुक नको. ते तुम्हाला कळलंय का, एवढंच हवं होतं. आणि विचारायची हिंमत नव्हती, कारण आईच्या हातची तिसरी भाकर खाणारे तुम्हीच, आणि पस्तीस पोरांच्या रांगेत उभे राहणारेही तुम्हीच.

लातूरला त्या दिवशी तुम्ही खुर्चीत उशा लावून बसला होतात. बोलताना धाप लागत होती. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलंच होतं. मी टेकते न टेकते तोच तुम्ही म्हणालात, "चौथं काढ. दोनशे अकराला साक्षीदार मिळालाय."

मला काय झालं कोण जाणे. एवढ्या लांबून बघायला आले, तुमचे हात काड्यांसारखे झालेले, आणि पुन्हा तेच. "बस करा सर," मी म्हणाले. "लोकांची नावं कशाला शोधता? तुम्ही माझ्या बाबांना डी.एड. सांगितलंत, तेव्हा तुम्ही कधी गेला होता का औरंगाबादला एम.ए. करायला? तुम्हाला काय माहीत होतं तिथलं?"

तेवीस वर्षांचं एका दमात बाहेर पडलं. स्वयंपाकघरात काकूंच्या कपांचा आवाज थांबला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, काही बोलायला तोंड उघडलंत, धाप लागली, आणि मग फक्त म्हणालात, "बस. चहा घे." मला वाटलं, टाळताय. मी उठले.

नऊ दिवसांनी सकाळी पहिल्या तासाला विलासभाऊंचा फोन आला.

आज सकाळी चौथं रजिस्टर उघडलं. बाबा आता माझ्याकडंच असतात, ओसरीत खुर्चीवर बसून होते. मी टेबलापाशी उभ्यानंच पान काढलं. दोनशे अकरा. साक्षीदाराच्या रकान्यात तुमचं नाव आहे. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं तुम्ही दुसऱ्यांचं लिहायचात. खाली बारीक अक्षरात, 'ठिकाण, किशनराव यांचे घर. जेवणानंतर. विषय, पोरीचे शिक्षण. मला त्यातले काही ठाऊक नव्हते.' आणि सही, तारीख. तारीख मागच्या दिवाळीची आहे सर. मी बोलायच्या कितीतरी महिने आधीची. म्हणजे लातूरला तुम्ही मला हेच दाखवायला चौथं काढ म्हणत होतात, आणि मी तुम्हाला दाखवू दिलं नाही.

अजून एक आहे. 'मूळ' ह्या रकान्यात गोष्टीखाली एक ओळ नंतर घातलेली आहे. शाई वेगळी, अक्षर इतकं थरथरलेलं की दोनदा वाचावं लागलं. ती मी गेल्यानंतरच्या नऊ दिवसांतली असणार. 'चांभार बरोबर असावा. चित्रकाराला राग आला, त्याअर्थी पाय चुकला होता.'

मी खाली बसले. बाबांनी विचारलं, "काय लिव्हलंय सरांनी?" मी वाचून दाखवलं. त्यांनी ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "त्यांचं एकट्याचंच नाव कशाला? हाव तर मी म्हनलो व्हतो. माझं बी घाल."

"रकान्यात जागा नाही बाबा."

"मंग ऱ्हाऊ दे. पन सही करून टाक. शेळी बघाया आल्ता तो मानूस."

साक्षीदार स्वतः तपासल्याशिवाय सही नाही, हा नियम तुमचा. तो मोडून मी काही केलं असतं तर तुम्ही ते पान फाडलं असतं. आता तुम्हाला तपासायला मी कुठं जाणार होते? पण मग लक्षात आलं, तपासायचं काही राहिलंच नाही. त्या दुपारी मी तिथंच होते, चौकटीला धरून. सगळं डोळ्यांनी पाहिलंय, कानांनी ऐकलंय.

सही केली, सर. तुमच्या सहीशेजारी, आजची तारीख घालून. मला एवढंच पाहिजे होतं. मी त्या दिवशी चहा घ्यायला थांबायला पाहिजे होतं.